झाकणावरचा आकडा

गल्लीत तिला सगळे मीटरबाई म्हणत. पाणीखात्यात सोळा वर्षं काढली होती तिने. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती यायची, दारालगतच्या भिंतीतली लोखंडी पेटी उघडायची, उकिडवी बसून मीटरची काच बाहीने पुसायची, आकडा वहीत उतरवायची आणि पेटी बंद करून तोच आकडा खडूने झाकणावर लिहायची. खडूचं हे काम खात्याने सांगितलेलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी भांडलं होतं, "तुम्ही घरी बसून मनाला येईल ते लिहिता!" त्या दिवसापासून तिने खडू खिशात ठेवला. आकडा तुमच्या दारावर आहे, पटत नसेल तर पेटी उघडा नि ताडून बघा. भांडणं थांबली, खडू राहिला. हाताला एकदा वळण लागलं की हात डोक्याला विचारायला जात नाही.

यंदा शिरगणती निघाली तेव्हा साहेबांनी तिलाच बोलावलं. "सगळी दारं तुला ठाऊक आणि सगळ्या दारांची कुत्री तुला ओळखतात. तूच जा."

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, गळ्यात ओळखपत्र आलं. त्यावर 'प्रगणक' असं छापलं होतं. वाचताना निम्म्या गल्लीची जीभ अडखळली, म्हणून ती मीटरबाईच राहिली. शेवटी हात पुढे करून शपथ घ्यायची होती: कुणी सांगितलेलं कुणाला सांगणार नाही. बाकीच्यांनी ती घाईघाईने म्हटली. मीटरबाईने सावकाश म्हटली. पाण्याचा आकडा निराळा आणि माणसाचं घर निराळं, एवढं तिला कळत होतं.

रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात गल्लीची सभा भरली. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं साहेबांनी म्हणायचा अवकाश, कोपऱ्यावरचा कुलूपवाला उठून उभा राहिला. साठी उलटलेला, एकटा माणूस. त्याच्या शंकांना अंत नसे म्हणून गल्लीने त्याचं नाव शंकासुर ठेवलं होतं आणि त्यानेही ते बिनतक्रार वापरायला घेतलं होतं.

"खोल्या किती ते कशाला हवं?"

"शाळा, दवाखाने, पाणी कुठे कमी पडतं ते कळायला," साहेब म्हणाले.

"घरमालकाला कळणार?"

"नाही."

"करवाल्यांना?"

"नाही हो."

"कागद कुठे ठेवणार?"

"कपाटात. कुलूप असतं."

शंकासुराच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "कुठलं कुलूप? तुमच्या कचेरीतली चार कपाटं मीच उघडून दिलीत, किल्ल्या हरवल्या तेव्हा. एक तर केसांच्या पिनेने उघडलं."

व्हरांडा हसला. साहेबांनी घाम पुसला. मागून एक बाई म्हणाली, "कपाटाचं जाऊ द्या. मीटरबाई आमच्यातल्याच. उद्या नळावर कुणाशी बोलता बोलता तोंडातून गेलं तर?"

आता मात्र मीटरबाई स्वतः उठली. "मावशी, माझं खरं वय मी अजून नवऱ्याला सांगितलेलं नाही. तुमचं कशाला सांगू?"

हशा पिकला. हसता हसता माणसं तयार झाली. शंकासुर तेवढा खाली बसताना पुटपुटला, "तोंडाची भीती नाही हो मला. तोंड माणूस सांभाळतो. गळतं ते दुसरीकडूनच." साहेबांनी त्याला सांगून ठेवलं की घरोघरी बोलायचं नसेल तर कागद स्वतः भरून बंद पाकिटात द्यायची सोय आहे. "बघू," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी सातला तिने पहिलं दार ठोठावलं. सत्तावीस दारांची गल्ली, एका दिवसात संपवायची होती. लोक तिला आत बोलावत, खुर्ची पुसून देत, आणि सहा महिने कुणाशी न बोलल्यासारखे बोलत. एका आजोबांनी वय विचारल्यावर "तुम्हीच सांगा किती दिसतं" असा पेच टाकला. पाचव्या घरात माणसं मोजता मोजता घरातल्यांचंच भांडण लागलं, की नोकरीसाठी बाहेरगावी असलेला धाकटा आपल्यात धरायचा की नाही.

पहिल्या घराचा कागद पुरा झाला, दार बंद झालं, आणि मीटरबाई पायरी उतरताना वाकली. खिशातून खडू निघाला. झाकणावर आकडा उमटला: पाच. घरात पाच माणसं होती. हात हाताचं काम करून मोकळा झाला. डोकं पुढच्या दाराशी जाऊन पोचलं होतं. दुसऱ्या घरी तीन, तिसऱ्या घरी सहा. गल्लीतल्या कुणालाही त्यात नवल वाटलं नाही. मीटरबाई आली म्हणजे झाकणावर आकडा येणारच.

चौदावं दार काजमावशींचं. मोठ्या दुकानांच्या भारी शर्टांना हाताने काजं करणं आणि बटणं लावणं हा त्यांचा धंदा. बाहेर एक खोली, मागे स्वयंपाकघर, मधे जाड पडदा. खिडकीशी बसून त्या काम करत आणि कामात काहीतरी गुणगुणत. दार वाजलं तेव्हाही गुणगुणणं चालू होतं:

सुई माझी बारीक, दोरा माझा गं लांब
मनातल्या गोष्टे गं, ओठांशी तू थांब

"ये गं. बस. त्या गठ्ठ्यावर नको, गिऱ्हाइकाचा आहे."

"घरात किती माणसं, मावशी?"

"एक. मी आणि माझी सुई. सुईला मोजतेस?"

"टोचत असेल तर मोजीन."

मावशी हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मीटरबाईने पेन उघडलं आणि तिच्या मनात नको असताना एक आकडा आला. चार महिन्यांपासून या घरचं पाणी दुप्पट चाललं होतं. पहिल्या महिन्यात तिला वाटलं, नळ गळत असेल. दुसऱ्या महिन्यात सगळे नळ बंद करायला लावून तिने काटा बघितला. काटा जागचा हलला नाही. म्हणजे गळती नव्हती. तिसऱ्या महिन्यापासून तिने बघणं सोडून दिलं.

सांगायचं असेल तर मावशी सांगतील. तिने कागदावर पेन टेकवलं.

"दोन लिहा," पडद्यामागून आवाज आला.

मावशींच्या हातातलं काम मांडीवर पडलं. "आत हो."

"आई, चार महिने आतच आहे की मी." पडदा बाजूला झाला. पंचविशीची एक बाई बाहेर आली. बोटात अंगुस्तान, केसांना चिकटलेले दोऱ्याचे तुकडे. डावं मनगट जरा वाकडं जुळलेलं. "खिडकीत मी नाही, नळावर मी नाही, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत मी नाही. आज या कागदावरही नसले, तर मग मी आहे तरी कुठे?"

मीटरबाईने तिला ओळखलं. मावशींच्या लेकाच्या लग्नानंतर दोनचारदा या घरी पाहिली होती. गल्लीत सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की लेकाचा संसार मोडला, सून कुठेतरी निघून गेली, आणि मावशी रागाने लेकाला उंबरठ्याच्या आत घेत नाहीत. राग सुनेवरचा लेकावर काढतात, असंही लोक म्हणत.

"हे मनगट माझ्याच पोटच्या गोळ्याने मोडलंय," मावशी म्हणाल्या. आवाज कापडावर कात्री चालावी तसा सरळ होता. "दवाखान्यातून परस्पर इथे आणली तिला. तो तिला गावोगाव शोधतोय. आईच्या घरात असेल असं त्याच्या स्वप्नातही येत नाही. दुकानाची व्हॅन तोच चालवतो, बुधवारी आणि शनिवारी गठ्ठे घेऊन येतो. पायरीवर ठेवतो, पायरीवरून नेतो. लेक माझाच आहे गं. पण हात तिचा मोडलाय."

मीटरबाईने कागद मांडीवर सरळ केला.

"हे या कागदाबाहेर जाणार नाही," मीटरबाई म्हणाली. "माझ्या घरीसुद्धा नाही."

मग तिने नाव लिहिलं, वय लिहिलं. कुटुंबप्रमुखाशी नातं: सून. शिक्षण. काम.

"काही नाही, असं लिहा," सून म्हणाली.

"काही नाही कसं?" मावशी एकदम चिडल्या. "या गठ्ठ्यातली अर्धी काजं कुणाची? तुझी माझ्यापेक्षा बारीक येतात म्हणून मी ती कॉलरला लावते. लिही गं, काजं-बटणं. हातकाम."

मीटरबाईने लिहिलं. सून तिच्या खांद्यावरून वाकून त्या दोन शब्दांकडे बघत राहिली, जणू भिंतीवर आपला फोटो कुणी लावून दिलाय.

निघताना मावशींनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मीटरला होतं."

"मग बोलली कशी नाहीस इतके दिवस?"

"मीटरने मला पाण्याचं सांगितलं, मावशी. माणसाचं तुम्ही सांगायचं."

दार बंद झालं. मीटरबाईचं मन भरून आलं होतं. कुणीतरी आपल्यावर एवढा विश्वास टाकला की पाऊल हलकं पडतं. त्या हलक्या पावलाने ती पायरी उतरली, वाकली, आणि झाकणावर लिहून पुढे गेली: दोन.

साडेचार वाजता ती शेवटच्या दाराशी, शंकासुराच्या दुकानाशी पोचली. तो स्टुलावर बसून कानशीने किल्ली घासत होता.

"या. सव्वीस घरांच्या गोष्टी वाचून झाल्या माझ्या."

"कुठे वाचल्या?"

"झाकणांवर. सकाळपासून तीनदा नळावर जाऊन आलो. पाचव्या घरी नऊ माणसं. घरमालकाला सहा सांगितलीत त्यांनी. अकराव्या घरी एक. ती बिचारी दोन वर्षं सांगतेय की नवरा रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो म्हणून दिसत नाही." त्याने कानस खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "आणि काजमावशींकडे दोन. मी कपाटाच्या कुलपाची चौकशी करत होतो हो. कपाटापर्यंत तुम्ही जाऊच दिलं नाहीत."

मीटरबाईने हाताकडे बघितलं. खडू बोटांतच होता.

आज शनिवार. पाच वाजता मावशींच्या लेकाची व्हॅन. तो गठ्ठा त्या पेटीलाच टेकवून ठेवतो.

ती धावली. "अहो थांबा! एकच पुसू नका!" शंकासुर मागून ओरडला. तिच्या कानांत ते शिरलं, पण पाय थांबले नाहीत. चौदाव्या दाराशी गुडघ्यांवर पडून तिने बाहीने झाकण घासलं. आकडा गेला, पांढरा फराटा उरला. तोही थुंकी लावून पुसला.

समोरच्या घरातल्या काकू खिडकीत बसून शेंगा सोलत होत्या. त्यांचा अर्धा दिवस खिडकीतच जाई.

"काय हो मीटरबाई, मावशींचाच तेवढा पुसलात? मघाशी दोन होतं की त्यावर!"

काकूंच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. वेळ जात नव्हता, एवढंच. पण शेजारच्या पायरीवर भांडी घासणाऱ्या मुलीने मान वर केली, तिच्या सासूने दारातून डोकं काढलं. "दोन? मावशी तर एकट्याच ना?"

तेव्हा मीटरबाईला शंकासुराचं ओरडणं कळलं. पंचवीस आकडे आता त्या एका कोऱ्या झाकणाकडे बोट दाखवत होते.

शंकासुर बादली आणि दोन फडकी घेऊन धापा टाकत आला. काय झालं, कुणासाठी, काहीही न विचारता त्याने एक फडकं तिच्या हातात दिलं. "तुम्ही वरच्या अंगाने, मी खालच्या. चला."

ती पहिल्या दाराशी गेली आणि पुसू लागली. माणसं बाहेर येऊ लागली. "काय झालं?" "रंगवायच्यात का पेट्या?" तिने मान खाली घालून पाच झाकणं पुसली. सहाव्या दाराशी तिला ते सोसेना. ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चूक झाली माझ्याकडून. तुमच्या घरात किती माणसं ते कागदावर जायला हवं होतं. मी सवयीने झाकणावर लिहीत गेले. मी शपथ घेतली होती. मी ती मोडली."

एकदोघे हसले. "अहो, चार माणसं आहेत आमच्यात, त्यात कसलं गुपित!" पण पाचव्या घरातला थोरला म्हणाला, "घरमालक मघाशीच इकडून गेला, बाई." त्याने शर्टाच्या टोकाने आपल्या झाकणावरची उरलेली ओल टिपली आणि आत गेला. अकराव्या घरातली बाई दारात उभी होती. तिने फडकं मागून घेतलं, आपल्या झाकणावरचा 'एक' स्वतःच पुसला, बराच वेळ पुसला, आणि फडकं परत देताना मीटरबाईकडे पाहिलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर मीटरबाईला बरं वाटलं असतं.

कुणीतरी आणखी पाणी आणलं. कुणी आपापलं झाकण पुसू लागलं. गल्ली ओली झाली आणि सगळी माणसं बाहेर आली.

त्याच वेळी व्हॅन वळली.

मावशींचा लेक उतरला. उंच, खांदे पडलेला, आठवड्याची दाढी. गठ्ठा खांद्यावर घेऊन तो चौदाव्या दाराशी आला आणि पेटीला टेकवून ठेवला. झाकण कोरं होतं. कदाचित तो निघूनही गेला असता.

"अरे, आईकडे पाहुणी कोण आलीय?" काकूंनी खिडकीतून विचारलं. "आज दोन मोजली म्हणे!"

तो जागच्या जागी उभा राहिला. ओल्या झाकणाकडे पाहिलं, मग गल्लीभरच्या ओल्या झाकणांकडे. मग मीटरबाईसमोर आला.

"बाई, माझ्या आईच्या घरात किती माणसं?"

"मला सांगता येत नाही."

"मी मुलगा आहे तिचा."

"मुलालाही नाही."

"एक असतं तर पटकन एक म्हणाला असतात."

ओठ मिटून मीटरबाई उभी राहिली, आणि मिटलेले ओठही बोलतात हे तिला त्या क्षणी कळलं. शंकासुर मधे आला. "माझ्याकडे किती ते विचार तिला. ते पण नाही सांगणार. मी स्वतः विचारलं तरी नाही सांगणार, एवढी तिखट आहे ती!"

लेकाने दार वाजवलं. "आई."

दार उघडलं. मावशी उंबरठ्यात उभ्या होत्या, हातात दोरे कापायची छोटी कात्री, कामातून उठल्या तशीच.

"आत कोण आहे?"

"माझं माणूस."

"आणि मी कोण?"

"तूही माझाच. म्हणून तर बुधवार-शनिवार तुझी गाडी वाजली की हातातली सुई खाली ठेवते मी. पण तू बाहेर."

"आई, मी तिला काही करणार नाही. तुझी शपथ. एकदा बोलू दे फक्त."

"ही तिसरी शपथ. पहिलीला तिचे केस गेले, दुसरीला हात गेला."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरंच होतं. मीटरबाईला तरी ते खरं वाटलं, आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. त्याने एक पाय उंबरठ्यावर ठेवला.

कुणी कुणाला खूण केली नाही. भांडी घासणारी मुलगी उठली, तिची सासू उठली, आजोबा काठी टेकत आले. पाचव्या घरातले नऊच्या नऊ आले. शंकासुराने भरलेली बादली दोन पावलं पुढे आणून ठेवली. खिडकी रिकामी झाली आणि काकू खाली रस्त्यावर दिसल्या, तोंडावर हात धरून; आपल्या एका वाक्याने काय झालं ते आता त्यांना कळत होतं. सगळ्यांच्या हातात ओली फडकी होती.

सून आतून आली, आपणहून. सासूच्या शेजारी उभी राहिली. अंगुस्तान अजून बोटात होतं.

"मी इथे आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "तुला शोधायचं होतं, सापडले. आता पाय मागे घे आणि जा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मागे वळून माणसांकडे पाहिलं. पाय मागे घेतला. व्हॅन सुरू करताना त्याच्याकडून दोनदा बंद पडली. मग ती गेली.

माणसं पांगली. मीटरबाई पायरीपाशी गेली. "चुकलं माझं."

"चुकलंच," सून म्हणाली. "कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते मी ठरवणार होते. चार महिन्यांत तेवढं एकच माझ्या हातात होतं. मी तुमच्या कागदाला सांगितलं. गल्लीला नव्हतं सांगितलं."

"पुरे गं," मावशी म्हणाल्या. "सगळी उभी राहिली ना तुझ्यासाठी?"

"राहिली. उपकार आहेत. पण आता तो रोज येईल, आणि ही माणसं रोज कामधंदा सोडून उभी राहतील का?" तिने मीटरबाईकडे पाहिलं. "तुम्ही वाईट नाही. पण पुरे नाही ते."

मीटरबाईने मान हलवली. सावरायला शब्द तिच्याकडे होते, सोळा वर्षं लोकांशी बोलण्यात गेली होती. तिने ते वापरले नाहीत.

कचेरीत जाऊन तिने साहेबांना सगळी हकिगत सांगितली, फक्त घर कुठलं आणि कुणाचं ते सोडून. साहेब कागद चाळत म्हणाले, "फॉर्मवर बरोबर आहे ना? मग झालं."

"झालं नाही, साहेब. उरलेल्या गल्ल्यांत जे मोजतायत ते माझ्याच खात्यातले. त्यांच्याही खिशात खडू आहे." साहेबांनी फोन उचलला.

रविवारी शंकासुराने मावशींच्या दाराला आतून जाड अडसर बसवून दिला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच दिवशी त्याने आपला कागदही भरला, एकट्याने, दुकानाची फळी अर्धी लावून. पाकीट दोन्ही बाजूंनी चिकटवलं, वर लाखेचा ठिपका दिला. लेक दोनदा येऊन गेला. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून आत न येता नुसता बसून राहिला.

मंगळवारी संध्याकाळी मीटरबाई ते पाकीट न्यायला आली आणि पाय आपोआप चौदाव्या दाराशी वळले. अडसर काढल्याचा आवाज झाला. पडदा एका बाजूला सरकवून खिळ्याला अडकवलेला होता. स्वयंपाकघर रिकामं होतं.

"गेली," मावशी म्हणाल्या. "काल सकाळच्या गाडीने. शंकासुराने मागच्या बोळातून नेऊन बसवून दिली. तिचं तिनेच ठरवलं सगळं. काम मिळालंय, राहायला जागा आहे." त्या खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर शर्ट होता, पण हात चालत नव्हते. "मी म्हटलं, थांब, माझ्यासाठी थांब. मग मलाच लाज वाटली."

मीटरबाई गठ्ठा बाजूला सारून खाली बसली.

"पोटच्या लेकाला दाराबाहेर ठेवलं तेव्हा वाटलं, याहून जड काही नसेल," मावशी म्हणाल्या. "आता घरात सूनही नाही. कुठे आहे ते मला एकटीला ठाऊक. शंकासुराला नुसती गाडी ठाऊक, गाव नाही. रात्री झोपेत बरळेन की काय अशी धास्ती वाटते. कुणा एकाला सांगितलं तर हलकं होईल." त्यांनी मीटरबाईकडे पाहिलं. "तुला सांगू?"

मीटरबाईला जाणून घ्यायचं होतं. तीन दिवस तिला सुनेशिवाय दुसरं काही सुचलं नव्हतं. आता ती गेलीय तिथल्या दाराला कडी आहे का, मनगट दुखतं तेव्हा कुणी शेकून देतं का, आणि कधीतरी एखादं पत्र टाकून माफी मागता येईल का. मावशी खरंच सांगणार होत्या. ओठ उघडले होते.

"नको, मावशी."

"विश्वास आहे माझा."

"म्हणूनच नको."

मावशींनी सुई उचलली, दोरा ओठांत ओला केला आणि डोळे बारीक करून टोक नेढ्याशी नेलं. चुकलं. पुन्हा नेलं. पुन्हा चुकलं. "ओवायचं काम तिचं होतं," त्या म्हणाल्या.

मीटरबाईने त्यांच्या हातातून सुई घेतली. दोरा ओवला, गाठ मारली, सुयांच्या छोट्या उशीला टोचून ठेवली. मग दुसरी. खिडकीतला उजेड कमी होत होता, तरी तिने पंचवीस सुया ओवल्या, पांढऱ्या दोऱ्याच्या पंधरा आणि निळ्याच्या दहा, आणि उशी मावशींच्या उजव्या हाताशी सरकवून दिली.

"एवढ्या शुक्रवारपर्यंत पुरतील," मावशी म्हणाल्या.

"शुक्रवारी येते," मीटरबाई म्हणाली.